मागे बघायचं नसतं

गिरीज, तिठ्याजवळ
१६ नोव्हेंबर २०२५

रंभा,

फोन केला की दिपिका म्हणते, "आई झोपलीय." सकाळी अकराला झोपलीय, दुपारी चारला झोपलीय. एवढी झोप तुला इथे असताना कधी लागली नव्हती. म्हणून पत्र लिहिते. नालासोपारा काही विलायतेत नाही, रिक्षा केली तर मी तुझ्या दारात उभी राहू शकते. पण तू दार उघडशील याची खात्री नाही, आणि जिन्यात उभं राहून लेकीच्या शेजाऱ्यांना तमाशा दाखवायचं माझं वय नाही.

लिहिताना मी शाळेतलं लिहिते आणि बोलताना आपलं बोलते. हसू नकोस.

इकडची खबर अशी की माझ्या स्लॅबवर कॅमेरा बसलाय. सुमेध म्हणून एक मास्तर आहे, इंजिनीरिंग कॉलेजात शिकवतो, विरारला राहतो, मूळचा साताऱ्याकडचा. वसई-विरारमधल्या ज्या तिठ्यांवर दुचाक्या सारख्या पडतात, त्यांचा तो अभ्यास करतोय. आपला तिठा त्याच्या यादीत वरच्या नंबरला आहे. कशात तरी नंबर आला म्हणायचा. तीन रस्ते आपल्या दारासमोर मिळतात आणि स्लॅबवरून तिन्ही दिसतात, म्हणून तो परवानगी मागायला आला. त्याच्या कागदात अल्पेशचं नावही होतं. मी कोण, हे त्याला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "मी त्याची काकी. त्याची आई माझी धाकटी जाऊ. ते कुलूप दिसतंय ना, ते तिचं घर." मग तो मान खाली घालून चहाच पीत राहिला. मुलगा चांगला आहे.

त्याचा एक तक्ता असतो. गाडी कुठून आली, किती जोरात आली, कुठे वळली, आणि शेवटचा रकाना, 'कारण'. आपल्या तिठ्यावर तो रकाना भरता येत नाही म्हणतो. दुचाकी सरळ येते आणि मधेच एकदम उजवीकडे झुकते, समोरून येणाऱ्याच्या अंगावर. खड्डा नाही, कुत्रं नाही. संध्याकाळी कॅमेऱ्यात रस्त्यावरचं बारीकसारीक दिसत नाही. मला विचारतो, "काकू, तुम्ही रोज बघता. काय असेल?"

मी म्हटलं, "चहात साखर बरोबर आहे ना?"

ॲन्सेल्मचा टेंपो ताडपत्रीखाली उभा आहे. पोलिसांनी टेंपो सोडला, लायसन सोडलं नाही. त्याच्यावर कोंबड्या बसतात. सोनचाफ्याच्या पुड्या आणि केळीचे घड आता दुसऱ्याच कोणाच्या गाडीतून जातात, आणि तो माणूस पुड्या अशा फेकतो की फुलं मार्केटात पोचेपर्यंत काळी पडतात. ॲन्सेल्म वाडीत पाणी लावतो आणि संध्याकाळी त्यांच्या देवळात, चर्चात जातो. तुला हे वाचायचं नाही, मला कळतं. पण शेजारच्या घरातलं माणूस दिसतं, त्याला मी काय करू?

येत्या अमावास्येला अल्पेशला वर्ष होईल. श्राद्ध तू तिकडेच करणार असं दिपिका म्हणाली. मी इथे पान वाढीन.

हंसाबाय


३० नोव्हेंबर २०२५

रंभा,

उत्तर नाही. बरं.

त्या मास्तराला सापडलं. मी नाही सांगितलं. अमावास्येला तिन्हीसांजेला तो स्वतःच तिठ्यावर उभा राहिला, रस्त्याच्या कडेला, पिवळं जाकीट घालून. थोड्या वेळाने माझ्या पायरीवर येऊन बसला. म्हणाला, "काकू, रस्त्याच्या मधोमध केळीच्या पानावर भात, नारळ, लिंबू, कुंकू. एक नाही, तीन पानं. आणि प्रत्येक गाडी त्यांना चुकवून जाते."

मी म्हटलं, "मग काय तुडवून जायचं?"

"नाही, पण—"

"तू तुडवशील?"

त्याने पिवळं जाकीट काढून मांडीवर ठेवलं. मग हसला. म्हणाला, "मीही चुकवूनच आलो."

त्याला उतारा काय असतो ते माहीत होतं. त्याची आजी करायची गावाला. आजारी माणसावरून पान ओवाळायचं आणि तिठ्यावर नेऊन ठेवायचं, म्हणजे पीडा त्या वाटेने निघून जाते. म्हणाला, तिथे बैलगाड्या होत्या. बैल आपोआप थांबायचा, गाडीवान उतरून बाजूने काढायचा. इथे पोरं वाऱ्यासारखी येतात, अंधुक उजेडात पान शेवटच्या क्षणी दिसतं, आणि हात आपोआप वळतो. आपली पोरंच नाहीत, ॲन्सेल्मच्या बायकोचा, कॅरलचा भाऊ परवा तसाच वळला आणि थोडक्यात वाचला. रविवारी चर्चात मिसला जाणारा माणूस. लिंबाला कोण हिंदू आणि कोण ख्रिश्चन. भीती सगळ्यांना सारखीच.

मास्तराने कागदावर एक गोल काढून दाखवला. गाडी पडली की लोक म्हणतात जागा वाईट. जागा वाईट म्हणून उतारे जास्त. उतारे जास्त म्हणून गाड्या जास्त पडतात. अल्पेश गेल्यापासून त्या तिठ्यावर उतारे किती वाढलेत ते मी रोज सकाळी झाडते, त्यामुळे मला कोणी सांगायला नको.

"तुमच्या पुतण्याच्या वेळी होतं का काही रस्त्यावर?" त्याने विचारलं. "पंचनाम्यात नुसतं 'रस्त्यावरील कचरा' लिहिलंय."

पोलीस येईपर्यंत गर्दीच्या पायांत भाताचा चिखल झाला होता. त्याला कचरा नाही तर काय म्हणणार?

मी त्याला म्हटलं, मला आठवत नाही. मला आठवतं, रंभा. नारळ माझ्या झाडाचा होता. दुपारी तू कुंपणावरून मागितलास. आठवडाभर अल्पेशचा ताप उतरून परत चढत होता आणि तरी तो गोलाणीनाक्याला कामावर जात होता, कारण सुटी मागितली तर ठेकेदार दुसरा माणूस घेतो. तू म्हणालीस, "बाय, आज अमावास्या हाय, काढून टाकते एकदाची." मी सोललेला नारळ दिला, शेंडी ठेवून.

एवढंच लिहिते आज.

हंसाबाय


२१ डिसेंबर २०२५

रंभा,

परवा तेजस्वी पडली. पलीकडच्या आळीतली, बालवाडीत शिकवते ती. मागे तिची चार वर्षांची मुलगी होती. अमावास्याच होती. पानाला चुकवलं, गाडी घसरली, समोरून पाण्याचा टँकर. टँकरवाल्याने ब्रेक दाबला म्हणून, नाहीतर मला हे पत्र वेगळं लिहावं लागलं असतं. पोरीच्या हनुवटीला टाके पडले. तेजस्वीचा हात मोडला. मी जाऊन पोरीला उचललं. ती रडत नव्हती, नुसती माझ्या पदराला धरून होती. मला त्या वेळी सगळ्या जगाचा राग आला, आणि तुझाही आला. लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी समाजमंदिरात बैठक झाली. मास्तराने पडद्यावर चित्रं दाखवली. गाड्या येतात, झुकतात, सुटतात, एखादी सुटत नाही. लोकं गुपचूप बघत होती. मग त्याने तोडगा सांगितला. उतारा बंद करा असं तो म्हणालाच नाही, तेवढं शहाणपण त्याला आहे. तो म्हणाला, तिठ्याच्या बरोबर मधोमध एक गोल ओटा बांधू, गुडघ्याएवढा, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा. गाड्यांना वळसा घालावाच लागेल, म्हणजे वेग आपोआप कमी. आणि उतारा ठेवायचा तो त्या ओट्यावर. जागा तिठ्याचीच राहील आणि चाकाखाली काही येणार नाही. आधी वाळूच्या गोणी रचून महिनाभर बघू, मग पालिकेकडे अर्ज करू.

मला पटलं. बायकांनाही पटत होतं. पण शत्रुघ्न भावोजी उठले. भावकीत आता तेच मोठे.

"मास्तर, उतारा पीडा घेवून जातो. आनीत नाय. तुमी बोलता उताऱ्यानं मानसं मरतात. असा कवा जाला?"

"काका, मी असं नाही—"

"आमचा अल्पेश उताऱ्यानं नाय गेला. टेंपोनं गेला. त्याच्या आयशीनं सोताच्या डोल्यानं बघितला, टेंपो उलट्या बाजूनं आला. पोलिसात लिवून दिलाय तिनं."

ॲन्सेल्म शेवटच्या बाकावर बसला होता. उठून गेला. कॅरल बसून राहिली. तिने माझ्याकडे बघितलं आणि मी पंख्याकडे.

भावोजी म्हणाले, "रंभाला इचारा. ती बोलली उतारा होता, तं मी सोता गोनी उचलतो." बैठक तिथेच मोडली. म्हणजे आता सगळं येऊन तुझ्यापाशी थांबलंय. साप साप म्हणून भुई धोपटणं चाललंय वर्षभर, आणि दर अमावास्येला कोणी तरी त्या रस्त्यावर आडवं होतं.

संध्याकाळी कॅरल यंदा वाळवलेली सुकेळी घेऊन आली, केळीच्या सोपात बांधून, दरवर्षीसारखी. तुझ्या वाटणीची पुडीही आणली होती. "रंभाकडं कोन जात असंल तं दे," म्हणाली. पुडी फडताळात ठेवलीय.

ॲन्सेल्मच्या वकिलाने साक्षीदारांत माझं नाव दिलंय. फेब्रुवारीत तारीख आहे. तुझंही नाव आहे, सरकारी बाजूने.

हंसाबाय


६ जानेवारी २०२६

रंभा,

हे पत्र मी तीनदा फाडलं. हे चौथं. ते बरं झालंय की नाही मला माहीत नाही, पण पाठवते.

कोर्टात मला विचारतील, तुम्ही त्या संध्याकाळी कुठे होता. मी पायरीवर फुलं निवडत होते. काय पाहिलंत? तर जे पाहिलं ते तुला आधी सांगते. तिऱ्हाइतासमोर पहिल्यांदा तुझ्या कानावर पडू नये.

तू हातात पान घेऊन तिठ्यावर गेलीस. पान ठेवलंस, पाणी फिरवलंस, आणि परत निघालीस. मी तुला हाक मारली नाही, कारण उतारा ठेवून येणाऱ्याशी बोलायचं नसतं. तू लग्न होऊन आलीस त्या वर्षी मीच तुला हे सगळं शिकवलं, जसं सासूबाईंनी मला शिकवलं. बोलायचं नाही, कुठे थांबायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. बघितलं तर पीडा पाठोपाठ घरी येते. दारात पाय धुवायचे आणि मगच आत जायचं.

तू माझ्या कुंपणाच्या जास्वंदीपाशी होतीस तेव्हा मागे आवाज झाला. ब्रेकचा, आणि मग तो दुसरा. तू थबकलीस. तुझी मान थोडी हलली. मला तुझा चेहरा दिसत होता, रंभा. अल्पेशच्या यायची वेळ आहे, हे तुला कळलं होतं. आणि तू बघितलं नाहीस. चालत राहिलीस. घरापाशी जाऊन पाय धुतलेस, दोन्ही, नीट. तेवढ्यात मी तिठ्याकडे धावले होते. तुला बोलवायला माणसं आली तेव्हा तुझ्या पायांवरचं पाणी वाळलं नव्हतं.

तू पोलिसांना लिहून दिलंस की टेंपो उलट्या बाजूने येताना पाहिला. तू पाहूच शकत नाहीस. मागे बघणारी बाई तू नाहीस. बघितलं असतंस तर मला आज बरं वाटलं असतं.

ॲन्सेल्म काही संत नाही. हॉर्न न वाजवता वळतो, त्याबद्दल मीच त्याला अनेकदा बोललेय. पण त्या दिवशी तो त्याच्या बाजूला होता. टेंपोचं चाक माझ्या गटाराला लागून होतं. अल्पेश पानाला चुकवून त्याच्या पुढ्यात आला. पान कोणी ठेवलंय ते त्याला माहीत नव्हतं. त्याने कोणाचंही पान तुडवलं नसतं, तसाच वाढवला होतास तू त्याला.

यात तुझा दोष किती, मी ठरवणारी कोण? आपलेच दात, आपलेच ओठ. तू ताप उतरावा म्हणून गेली होतीस, आणि मागे बघितलं नाहीस तेही त्याच्याचसाठी. त्याला काही होऊ नये म्हणूनच तू चालत राहिलीस. हे मला स्वच्छ कळतं. पण ॲन्सेल्मला शिक्षा झाली तर ती तुझ्या माझ्या गप्प बसण्याने होईल. मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. आता विचारतील आणि मी खोटं बोलणार नाही.

तू आधी बोललीस तर माझ्यावर ती पाळी येणार नाही. एवढंच मागते.

हंसा


१८ जानेवारी २०२६

रंभा,

पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं. दिपिका फोनवर म्हणाली, "मोठी आई, असं काय लिहिलंस तू तिला? दोन दिवस गॅलरीत बसून आहे." मी म्हटलं, गॅलरीत बसली तर बसू दे, झोपण्यापेक्षा बरं.

आज अमावास्या. मास्तर, मी, कॅरल आणि तेजस्वी, तिचा हात अजून गळ्यात, आम्ही चौघं संध्याकाळभर कंदील आणि लाल फडकी घेऊन तिठ्यावर उभे राहिलो. गाड्या हळू करा म्हणून हात दाखवत होतो. लोकांनी पानं आमच्या देखतच ठेवली, आम्ही काही बोललो नाही. भावोजी लांबून बघून गेले. कोणी पडलं नाही. पण दर अमावास्येला चार बायाबापड्या कंदील धरून किती वर्षं उभ्या राहणार?

तारीख ५ फेब्रुवारीची आहे, वसई कोर्ट, सकाळी. माझ्यासोबत यायचं असेल तर ये. नसेल तर एकटी ये.

हंसाबाय


८ फेब्रुवारी २०२६

रंभा,

तू सगळं स्वतः केलंस, मग मी तुला काय लिहिणार? तरी लिहिते. सवय लागली.

मला साक्षीदार म्हणून बाहेर बसवलं होतं, पण दार उघडं होतं आणि आत पंखा बंद होता, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकू आला. सरकारी वकिलांनी तुझी जबानी वाचली आणि विचारलं, बरोबर आहे? तू म्हणालीस, "नाय." त्यांना वाटलं तुला कळलं नाही, त्यांनी परत वाचलं. तू परत म्हणालीस, "नाय. मी बघितला नाय." मग तू उताऱ्याचं सांगितलंस. ताप, पान, नारळ. नारळ माझा हे तेवढं सांगितलं नाहीस, ते माझ्या लक्षात आलं.

न्यायाधीशबाईंनी विचारलं, "आवाज ऐकल्यावर तुम्ही काय केलंत?"

"चालत रायले."

"का?"

"मागं बघाचा नसतं."

त्यांनी तुझी जबानी मिटून बाजूला ठेवली. मग टायपिस्टला सांगितलं, "साक्षीदाराने मागे पाहिले नाही." खोटी जबानी दिल्यावर काय होऊ शकतं ते त्यांनी तुला सुनावलं आणि तू मान हलवलीस. माझा पुकारा झालाच नाही.

निकाल लागायचा आहे. वकील म्हणतो, ॲन्सेल्म बहुतेक सुटेल. बाहेर पिंपळाखाली तो उभा होता, त्याला तुझ्याशी बोलायचं धाडस होईना. तू त्याच्यासमोरून जाताना म्हणालीस, "टेंपोवर कोंबड्या बसतात म्हने. धुवून काढ." तो तिथेच रडायला लागला. कॅरलने त्याला रुमाल दिला आणि मग स्वतःच त्या रुमालाने डोळे पुसले.

नंतर तू माझ्याबरोबर रिक्षाने गावात आलीस. मला वाटलं घर उघडशील. तू तिठ्यावर उतरलीस आणि चालायला लागलीस, आणि माझ्या जास्वंदीपाशी आल्यावर थांबलीस. मी मागे होते. तू वळलीस. बघत राहिलीस. मग परत चालत गेलीस, त्या जागेपर्यंत, आणि तिथे रस्त्याच्या मधोमध उभी राहिलीस. तिन्ही बाजूंनी गाड्या आल्या आणि थांबल्या. रिक्षा, दोन मोटारसायकली, दुधाची गाडी. कोणी हॉर्न वाजवला नाही. शत्रुघ्न भावोजी दुकानाच्या ओट्यावर होते, त्यांनी टोपी काढली. तुझं झाल्यावर तू रिक्षात बसून नालासोपाऱ्याला गेलीस, माझ्याकडे पाणीही न पिता. मला वाईट वाटलं. पण तेवढं चालेल.

काल भावोजींनी शब्द पाळला. सगळ्यात पहिली गोणी त्यांनी उचलली. सत्तरी ओलांडलेला माणूस, दोघांनी धरली तरी सोडेना. तिठ्याच्या मधोमध गोल रचून झालाय, वर चुना मारलाय. संध्याकाळी एका बाईने त्यावर पान ठेवलं आणि मागे न बघता गेली. गाड्या वळसा घालून जात होत्या, हळू.

फडताळात कॅरलची सुकेळी आहे, तुझ्या वाटणीची. तुझ्या घराची किल्ली माझ्याकडेच आहे आणि ओटा मी रोज झाडते. कधी यायचं ते तू ठरव.

आज मास्तर आला होता तक्ता घेऊन. पाच तारखेच्या चित्रात दुपारी तिन्ही रस्त्यांच्या गाड्या एकाच वेळी थांबलेल्या दिसतात, म्हणाला, आणि रस्त्यावर तर काहीच नाही, फक्त एक बाई उभी आहे. असं त्याने कुठल्याच तिठ्यावर पाहिलं नव्हतं. त्याला शेवटचा रकाना भरायचा होता. "काकू, कारण काय लिहू?"

मी म्हटलं, "लिही, बाई मागे वळून बघत होती."

त्याने लिहिलं.

तुझी,
बाय